दोन दगडांमधलं अंतर

चौसाळ्याच्या माळावर सुंदरराव मास्तरांची पोरं शंभर मीटर चौदा सेकंदांत पळायची आणि बीडच्या स्पर्धेत साडेतेरात. "पंच खिशात हाय मास्तरांच्या," गाव कुजबुजायचं. त्यांची लेक विजयमाला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिलाही मनातून तोच संशय होता, पण वडिलांना विचारायचं धाडस कधी झालं नाही.

ते गेल्यावर महिन्याभराने तिने त्यांचा जुना खेळाडू अंगद याला टेप धरायला लावून माळावरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दगडांमधलं अंतर मोजलं. एकशे चार मीटर भरलं.

"आयला, विजूताई! मास्तर आमाला रोज चार मीटर जास्तीचं पळवायचे. मग बीडला आमी लवकर पोचणारच की!" अंगद मटकन खाली बसला.

"ऊठ," ती म्हणाली. टेपचं टोक हातात घेऊन ती पहिल्या दगडाकडे परत निघाली. "टेप ढिली असेल. परत मोजू."