चार कॅन

ब्याऐंशी साली लखनौच्या एका प्रयोगशाळेत चंद्रशेखर साहेबांनी फर्मान काढलं. वापरलेलं अॅसिटोन, बेंझिन बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते थेट गोमती नदीत जातं. कॅनमध्ये साठवायचं आणि शनिवारी ऊर्ध्वपातनानं शुद्ध करून पुन्हा वापरायचं. वैज्ञानिक मंडळींनी सूचना वाचली, माना डोलावल्या आणि खुशाल बेसिनमध्येच ओतत राहिली.

मनावर घेतलं ते एकट्या श्रीपतनं. हा भंडाऱ्याकडचा अटेंडंट रोज प्रत्येकाच्या टेबलाशी कॅन घेऊन मुकाट उभा राही. उभ्या माणसाला नाही तरी कसं म्हणणार? दोन महिन्यांत सगळ्यांना सवय लागली. श्रेय अर्थातच साहेबांनी घेतलं, अहवालात चांगलं पानभर!

डिसेंबरात दिल्लीहून तपासणी पथक येणार असं कळलं. नेमकं ऊर्ध्वपातनाचं यंत्र बिघडलेलं आणि कोपऱ्यात भरलेले चार कॅन वास मारत होते. साहेबांची बढती त्या पथकाच्या हातात. त्यांचं धाबं दणाणलं.

"श्रीपत, आजच्या दिवस बेसिनमध्ये ओतून टाक."

"बेसिनमध्ये, साहेब?"

"अरे, ओत म्हटलं ना! कुणाला कळणार आहे?"

दुसऱ्या दिवशी कोपरा लख्ख होता. पथकानं साहेबांची पाठ थोपटली. श्रीपत मात्र कामावर आला नव्हता. पथक गेल्यावर विनय नावाचा सहायक सहज म्हणाला, "सर, श्रीपत तो कल शाम साइकिल पर कैन लादकर घर ले जा रहा था. दो चक्कर लगाए."

साहेबांनी तडक स्कूटर काढली. श्रीपत राहायचा ती निशातगंजची गल्ली गाठली.

श्रीपतची एकच खोली, आणि चारही कॅन खाटेखाली! त्याची बायको सुभद्रा ऐन थंडीत बाहेर स्टोव्ह मांडून भात शिजवत होती. पेट घेईल म्हणून आत काडी ओढायची नाही, असं तिला बजावलेलं होतं. छोटी बेबी शाल गुंडाळून पायरीवर बसली होती.

"या ना, साहेब. त्यांचं डोकं फार दुखतंय, वासानं. दवाखान्यात गेलेत."

"वहिनी, मी... ओतून टाकायला सांगितलं होतं."

"हाँ, बोलले ते. म्हणाले, साहेब घाईत बोलून गेले, त्यांच्या मनात तसं नसणार. मशीन ठीक झाली की हळूच परत नेऊन ठेवतो."

तिनं स्टूल पुसून पुढे केलं. साहेबांना शरमेनं बसवेना आणि तिच्याकडे बघवेना. मनात तसंच होतं, हे तिला सांगायची हिंमत काही त्यांना झाली नाही.