दामिनीचे ओले हात

“आजी, फाटली वो पुन्हा!”

फाटणारच. माझी नात दामिनी हातावर कणीक तोलत होती आणि डोळे मोबाइलवर. चुलीवर उपडं मडकं लाल तापलेलं. लांब पोळीची कणीक तार सुटेपर्यंत आपटावी लागते आणि हात सतत ओले ठेवावे लागतात. ओल्या हातावर ती ओढणीसारखी कोपरापर्यंत उतरते, मग मडक्यावर टाकायची. कोरड्या हाताला ती चिकटते. ही पोरगी मेसेज वाजला की हात पुसायची, पडद्यावर बोट फिरवायची आणि त्याच कोरड्या हाताने पुढचा गोळा उचलायची.

“दोन सवती एका हातात नांदवून राह्यली तू,” मी म्हटलं. “मोबाइलले पाणी चालत नाई, माया कणकीले कोरडं चालत नाई.”

“मंग ऑर्डर कोण घेईन? यशोदाबाईची ऑर्डर बी याच्यावरच आली ना?”

खरं होतं. तिने व्हिडिओ टाकले तेव्हापासून पवनारची माझी पोळी पार आर्वीपर्यंत गेली. दुपारी मीही त्याच मोबाइलवर मालिका बघते, कशाला लपवू? पण दुसऱ्या दिवशी यशोदाबाईकडे हळदीची पंगत होती आणि माझा उजवा खांदा वर जाईना. यशोदाबाई तर दारात उभी राहून ऐकवून गेली होती, “भागाबाई, होत नसन तं सांगा. नागपूरहून माणूस बोलावतो.”

माझ्या सासूपासून या गावच्या पंगतीत बाहेरची पोळी वाढलेली नाही. माझ्या डोळ्यांदेखत वाढू देणार होते होय मी?

खुंटीवरची पिशवी काढून दामिनीपुढे धरली.

“मडकं तापलं का मोबाइल यात. थंडं झालं का खुशाल पाह्य, मी हूं का चूं करणार नाई.”

“अन तुयी सिरियल?”

“ते बी यातच.”

“चुलीपुढं बसून पाहशीन तं पोळी मिळणार नाई, सांगून ठेवतो!”

तोंडाने पोरगी माझ्यावरच गेली आहे. तिने मोबाइल पिशवीत टाकला, हात पाण्यात बुडवले आणि दिवेलागणीपर्यंत कोरडे होऊ दिले नाहीत.

हळदीच्या दिवशी यशोदाबाईच्या अंगणात बाया मोबाइल उगारून उभ्या. दामिनीचा मात्र माझ्या मांडीवर, पिशवीत. तिने गोळा उचलला, या हातावरून त्या हातावर झुलवला. कणीक कोपराखाली उतरली, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसला. मडक्यावर पडली ती अखंड.

यशोदाबाई वाकून बघत म्हणाली, “भागाबाई, तुमच्यापेक्षा पातळ हाय वो.”

“मले डोळे हायेत,” मी म्हटलं. पण पदर सावरून जरा ताठ बसले.

तेवढ्यात पिशवीत मोबाइल वाजला. दामिनीने मान वर केली नाही.

“आजी, पाह्य ना कोण हाय. माये हात ओले हायेत.”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. पंगतीच्या दिवशी ते कधी कोरडे राहिले नव्हते. आज होते. त्याच कोरड्या हाताने मोबाइल कानाला लावला.

“पोळ्या करणाऱ्या भागाबाई बोलून राह्यल्या का?” पलीकडून कोणी विचारलं.

मडक्यावरून पोळी उतरत होती. दामिनीचा हात पुन्हा पाण्यात गेला.

“पोळ्या दामिनी करते,” मी म्हटलं. “मडकं थंडं झालं का फोन लावजा.”