कागदापुरता बंब

मी एक सोलर बंब बोलतोय. स्वतःला बंब म्हणताना जीभ अडखळते, कारण उभ्या जन्मात मी तांब्याभरसुद्धा पाणी तापवलेलं नाही. लाज पोटात ठेवून बसलो होतो, पोटात दुसरं काही नव्हतंच. आज मात्र बोलून टाकतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे पूर्वी दुधाचे कॅन बनायचे, मग शेठनं सोलर बंब बनवायला सुरुवात केली. महिन्याला सहा-सात जायचे. ज्याला खरोखर गरम पाणी हवं असायचं तो यायचा, दहा प्रश्न विचारायचा, घासाघीस करायचा आणि घेऊन जायचा. आत स्टीलची टाकी, तिच्याभोवती ऊब धरून ठेवणारा जाड थर, वरून पत्रा आणि पुढे तिरक्या काचेच्या नळ्या. वेल्डरकाका एकेका बंबाला दोन दिवस घ्यायचे. पाणी भरून रात्रभर ठेवायचे, आणि सकाळी खाली एक थेंब जरी दिसला तरी वेल्डिंगची सगळी शिवण पुन्हा उघडायचे. हे मला शेडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका जुन्या बंबानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मग सरकारचा नियम आला. हवा बिघडत चाललीय, कोळसा कमी जाळायला हवा, म्हणून यापुढे प्रत्येक नव्या इमारतीच्या गच्चीवर सोलर बंब असलाच पाहिजे, नाहीतर राहायला जायचा दाखला मिळणार नाही. नियमात काही खोट नव्हती. शेठ तर इतके खूश झाले की त्या दिवशी सगळ्यांना चार वाजताच घरी सोडलं.

आठवड्याभरात एक बिल्डर शेडमध्ये आला. खुर्चीवर बसलासुद्धा नाही.

"पन्नास पाहिजेत. पंधरा दिवसांत."

"पंधरा दिवसांत सात होतील," काका म्हणाले.

"अहो, पाणी कोण बघतंय? तपासणीचा साहेब येणार, गच्चीवर उभा राहणार, फोटो काढणार, जाणार. टाकी दिसली पाहिजे, नळ्या दिसल्या पाहिजेत. बास."

काकांनी शेठकडे बघितलं. शेठनं त्यांना बाजूला घेतलं. "काका, आपण नाही म्हटलं तर पलीकडच्या गल्लीतला देतोय. त्यानं सुरूसुद्धा केलंय. मग आपले हे दोन दिवसांचे बंब घेणार कोण?"

त्या दिवसापासून शेडमध्ये दोन प्रकारचे बंब बनू लागले. कामावरची मुलं आपापसात त्यांना 'पाण्याचा' आणि 'कागदाचा' म्हणायची. थोड्याच महिन्यांत पाण्याचे बनायचे बंद झाले, कारण कागदाच्या स्वस्त भावापुढे ते कुणालाच परवडेनात. सरकार टाक्या मोजत होतं, म्हणून बाजारात टाक्या आल्या. गरम पाणी मोजलं असतं तर गरम पाणी आलं असतं, असं आपलं मला वाटतं. पण मी पडलो कागदाचा. माझ्या मताला कोण विचारतो?

मला बनवायला अर्धा तास लागला. पत्रा गोल केला, दोन बाजूंना झाकणं लावली, नळ्या रबरात खोचल्या. आत हवा. काकांची एक सवय होती, शिवण संपवताना हात किंचित वर वळवायचा. सवयीनं त्यांनी माझ्यावरही तो वळवला, आणि लगेच तोंड फिरवून पुढचा पत्रा ओढला.

माझी रवानगी एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर झाली. माझा पाइप भिंतीत दोन वीत जायचा आणि तिथेच संपायचा; घरांतला 'गरम' नळ गार पाण्याच्याच पाइपाला जोडलेला होता. साहेब आले, घाम पुसला, फोटो काढला, यादीवर खूण केली. पुढे कुठल्याशा अहवालात छापून आलं म्हणे, या वर्षी इतके बंब बसले, इतका कोळसा वाचला. त्या आकड्यात मीही आहे. शाळेत कॉपी करून पहिल्या आलेल्या मुलाचा सगळ्यांसमोर सत्कार व्हावा, तसं मला झालं.

चौथ्या मजल्यावर एक नवीन लग्न झालेली मुलगी राहायला आली. तिच्या बाथरूमची खिडकी माझ्या बरोबर खाली, त्यामुळे तिथलं सगळं मला ऐकू यायचं. पहिल्याच आठवड्यात ती नवऱ्याला म्हणाली, "अरे, पाणी गारच येतंय. नळ्यांवर धूळ बसली असेल."

आणि ती दर रविवारी बादली घेऊन वर यायला लागली. साबणाच्या पाण्यानं माझी एकेक नळी धुवायची, जुन्या ओढणीनं पुसायची. "आता तरी तापव रे बाबा," असं मला हसून म्हणायची. वरून रणरणतं ऊन माझ्यावर पडत असायचं, आणि मी त्यातलं रतीभरसुद्धा तिला देऊ शकत नव्हतो. त्या वेळी मला इतकी शरम वाटायची की कुणी गच्चीवरून खाली ढकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

शेजारीपाजारी तिची थट्टा करायचे. "सूर्यावर कसलं पाणी तापतंय? सगळी सरकारची नाटकं!" समोरच्या गच्चीवर नियमाच्या आधीचा एक बंब होता, पहाटे त्याच्या घरात वाफाळतं पाणी यायचं. पण तो एकटा. आमच्यासारख्या तीनशे जणांनी मिळून सूर्याचं नाव घालवलं होतं.

तिचे वडील महिन्यातून एकदा यायचे. पहिल्यांदा आवाज ऐकला आणि मी गार पडलो. ते वेल्डरकाका होते.

"बाबा, एकदा वर जाऊन बघा ना. तुमचं तर हेच काम आहे."

"गुडघे धरलेत गं. पुढच्या वेळी बघू."

दर महिन्याला हेच. चार मजले चालत चढून आलेल्या माणसाचे गुडघे नेमके शेवटच्या बारा पायऱ्यांना दुखायचे. त्यांना दुखत काय होतं ते मला माहीत होतं, कारण मलाही तेच दुखत होतं.

मग तिला बाळ झालं. बाळाच्या अंघोळीसाठी ती गॅसवर पातेलं तापवायची आणि दोन्ही हातांनी धरून बाथरूमपर्यंत न्यायची. एके दिवशी ओल्या फरशीवर पाय सरकला. बाळ पाळण्यात होतं म्हणून वाचलं, पण उकळतं पाणी तिच्या उजव्या पावलावर सांडलं. तिची किंकाळी मी ऐकली. ती अजून माझ्या पत्र्यात घुमते.

दुसऱ्या दिवशी काका वर आले. गुडघ्यांचं नाव काढलं नाही. पाने-पक्कड घेऊन थेट माझ्यासमोर बसले, आणि शिवणीवरून बोट फिरवलं. शेवटच्या वळणावर ते बोट थांबलं. मग त्यांनी माझं झाकण उघडलं आणि आत वाकून बघितलं.

मागून मुलगी आली, पायाला बँडेज, कठड्याला धरत धरत. "बाबा, दुरुस्त होईल का?"

"नाही होणार," काका म्हणाले. "हा बिघडलेला नाहीये, पोरी. हा असाच केलाय. मी केलाय."

तिनं पुढे होऊन माझ्या रिकाम्या पोटात डोकावून बघितलं. मग ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी दर रविवारी याला धुवायचे."

काकांनी मान खाली घातली. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती. ती एकेक पायरी उतरून खाली गेली आणि पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. ते आले की दार उघडायची, पाणी द्यायची आणि बाळाला घेऊन आत जायची.

त्या महिन्यात काकांनी दोन सुट्ट्यांना शेडमध्ये बसून एक बंब बनवला. दोन दिवसांचा, पाण्याचा. तो माझ्या जागी बसवला आणि मला परत आणून शेडच्या अंगणात टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नळाला कढत पाणी आलं, तेव्हा लेकीनं त्यांना फोन केला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ नाक पुसत होते.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण आता नियम बदललाय. यापुढे साहेब नळाखाली थर्मामीटर धरणार. आज सकाळी शेठ हात चोळत अंगणात आले आणि मला बुटानं ढोसून म्हणाले, "काका, यात एक छोटी टाकी टाका आणि विजेची कॉइल बसवा. नळाला गरम लागलं की झालं. जमलं तर तीनशे गच्च्यांचं काम आहे!"

मी हादरलो. म्हणजे भर उन्हात उभं राहून कोळशाच्या विजेवर पाणी तापवायचं, आणि वर नाव सूर्याचं सांगायचं. रिकामा होतो तेव्हा निदान गप्प तरी होतो.

"शेठ, लेकीच्या पायावर अजून डाग आहे," काका म्हणाले.

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी हे करणार नाही."

"दुसरा वेल्डर मिळेल मला."

"मिळेल. पण हा बंब मिळणार नाही." असं म्हणून काकांनी पत्रा कापायच्या कटरची वायर ओढत माझ्याकडे आणली.

दुसरा वेल्डर मिळेलच, हे मला माहीत आहे. माझे भाऊ अजून गच्च्यांवर उभे आहेत. एक कदाचित तुमच्याही गच्चीवर असेल. एकदा वर जा आणि त्याच्या अंगावर टिचकी मारून बघा. पोकळ वाजला तर त्याच्यावर रागावू नका, त्यानं स्वतःला बनवलेलं नाही. पण गप्पही बसू नका.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवलाय. काका, हात आखडू नका. शिवणीपासूनच सुरुवात करा.