डाव्या चाकाची उलटी चुडी

हां हां, मित्रांनो, पत्रा बडवू नका! आत बसायचं असेल तर खुशाल बसा, पण सीटमधली स्प्रिंग वर आली आहे. टोचली तर मला बोल लावायचा नाही. अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या आळीत, या गळक्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी असलेली जुनी जीप ती मीच. माझं नाव घोरपड. हसलात ना? हसा. हे नाव मला आमच्या म्हाताऱ्या भिमाबाईंनी दिलं आणि त्यांचा शब्द खोडायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती.

रस्त्यावरून ज्या चकचकीत गाड्या जातात, त्या कारखान्यात एकीमागून एक जन्माला येतात. सगळ्यांचे नाक-डोळे सारखेच. माझं तसं नाही बरं का! मला एका माणसाने घरात घडवलं. भीमराव त्यांचं नाव. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. पाळी संपली की घरी यायचे, चहा घशाखाली ओतायचे, शर्ट खुंटीला अडकवायचे आणि शेडमध्ये शिरायचे. रविवारी तर त्यांना जेवायला हाका मारून मारून त्यांच्या बायकोचा, चांगुणाबाईंचा, घसा बसायचा.

"काय त्या लोखंडात जीव अडकलाय तुमचा? भाकरीचा पापड झाला!"

"आलो गं, हा एकच नट राहिलाय."

तो एक नट दुपार कलली तरी संपायचा नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते ऐका. भीमरावांचं गाव चामटोलीच्या पुढे, दगडाच्या खाणीपलीकडे, चढावरच्या एका वाडीत. खाणीपर्यंत डंपर यायचे. त्याच्यापुढे नुसते खडक, एक ओढा आणि छातीवर येणारा चढ. भीमरावांचे वडील धोंडिबा आजारी पडले, तेव्हा चौघांनी त्यांना बाजेवर घालून खाली आणलं आणि ओढ्यापाशीच त्यांचा श्वास थांबला. भीमरावांनी बाजेचा एक पाय खांद्यावर घेतला होता. त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की आपल्या वाडीतलं माणूस पुन्हा बाजेवरून खाली येणार नाही. वाडीपर्यंत चढेल अशी गाडी पाहिजे. ती विकत घ्यायची तर फिटरच्या पगारात बसत नव्हती. मग बनवायची! अशी मी जन्माला आले.

माझं कूळ मात्र विचारू नका, सांगताना माझीच पंचाईत होते. सांगाडा आणि चाकं मिलिटरीने मोडीत काढलेल्या जीपची, इंजिन भंगारात निघालेल्या मेटाडोरचं, सीटा एसटीच्या, आणि बॉनेट कोणाचं ते देवालाच ठाऊक. उल्हासनगरच्या कॅम्पात हासानंदशेठ नावाचे एक सिंधी भंगारवाले होते. त्यांच्या दुकानातून माझा एकेक अवयव सायकलच्या कॅरिअरला बांधून इथे आला. सांगाडा आला तो हातगाडीवर. अख्खी आळी बघायला जमली होती. बनूबाई नावाची शेजारीण तर म्हणाली, "अगं बाई, ह्यांनी रेल्वेचा पूल उचलून आणला की काय?"

तो सांगाडा देताना हासानंदशेठ म्हणाले होते, "साईं, मिलिटरी का माल है, तेरा पोता भी चलाएगा. बस, एक बात याद रखना. बाएँ चक्के के नट में उलटी चुडी है."

चुडी म्हणजे नटाच्या आतले आटे. गॅरेजातली माणसं आट्यांना चुडीच म्हणतात. साधा नट डावीकडे फिरवला की सुटतो. माझ्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट मात्र उजवीकडे फिरवले तरच सुटतात. गाडी पळताना ते आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून केलेली ती युक्ती.

"माहीत आहे, शेठ," भीमराव म्हणाले.

त्यांना माहीत होतंच. फक्त त्यांनाच माहीत होतं, मित्रांनो, सगळं नडलं ते तिथेच.

त्यांनी माझ्या स्प्रिंगांना जादा पट्ट्या घालून मला उंच केलं. पोटाखाली जाड पत्रा ठोकला, खडक लागू नये म्हणून. इंजिन बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. पहिल्यांदा मी सुरू झाले तेव्हा एवढा काळा धूर सोडला, की दोरीवरचे चांगुणाबाईंचे धुतलेले कपडे पुन्हा भिजत घालावे लागले. त्या चिडल्या, आणि दुसऱ्या क्षणी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. किती दिवसांनी ते घर हसलं होतं!

मग मी वाडीवर गेले. ओढा ओलांडला, खडकाला चाकं रोवली आणि चढले. भीमरावांची आई भिमाबाई दारात उभी होती. "आगं बया! घोरपडीवानी चिकटून चढली की ही!" असं म्हणत ती पुढे आली आणि माझ्या पुढच्या चाकांवर तिने तांब्याभर पाणी ओतलं. "दमली आसंल," ती म्हणाली. एवढी माया मला नंतर कोणी लावली नाही.

ते दिवस काय सांगू तुम्हाला! वाडीतल्या रखमाला कळा सुरू झाल्या, मी तिला बदलापूरच्या दवाखान्यात पोचवलं, आणि बाळाला घेऊन ती माझ्यातच परत आली. खाणीतल्या एका मजुराचा पाय दगडाखाली सापडला, त्याला मी आणलं. एरवी तांदळाची पोती, लग्नाची भांडी, शाळेचे बाक, काय नाही वाहिलं! लोक म्हणायचे, "घोरपड आहे तोवर घोर नाही." माझी छाती फुगायची. छाती म्हणजे बॉनेट, समजून घ्या.

पण गंमत बघा. वाडीत कोणाला बरं नसलं, की आधी कोणीतरी खाणीवर पळायचं, तिथून फोन लावायचा, मग भीमराव कारखान्यातून सुटून इथे यायचे आणि मला घेऊन निघायचे. भीमरावांचा धाकटा भाऊ शिवराम वाडीतच राहायचा. खाणीवर ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणाला, "दादा, घोरपड हितंच ठेव ना. मी बघीन तिच्याकडं."

"ट्रॅक्टर हाकणं वेगळं आणि ही वेगळी," भीमराव म्हणाले. "हिला कोणी हात लावायचा नाही."

चांगुणाबाईंनीही एकदा धीर करून विचारलं होतं, "मला शिकवा की. निदान चाक तरी बदलायला शिकवा. एकटे किती पुरे पडणार तुम्ही?"

"तू चहा टाक," ते म्हणाले.

पंक्चर झालं तरी ते सगळ्यांना लांब उभं करायचे आणि एकटेच चाकाशी बसायचे. रागीट नव्हते हो ते. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि तो जीव दुसऱ्याच्या हातात द्यायला त्यांचं मन होत नव्हतं.

मग ती बुद्धपौर्णिमा आली, आम्ही सगळे वाडीवर गेलो होतो. वाडीतल्या विहारात सगळी पांढऱ्या कपड्यांत जमली होती. वंदना झाली, खीर वाटायला घेतली. भीमराव स्वतः वाढत होते. वाढता वाढता पळी त्यांच्या हातातून गळून पडली. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लुळा पडला आणि ते खाली बसले ते उठेचनात.

शिवरामने त्यांच्या खिशातून माझी किल्ली काढली. त्यांना मागे झोपवलं. चांगुणाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. शेजारचा नाथा पुढे बसला. शिवराम पहिल्यांदाच मला चालवत होता, पण काय सुरेख चालवलं त्याने! कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही. ओढा ओलांडला आणि खाणीच्या रस्त्याला लागलो. तिथे फोडलेल्या दगडाची धार माझ्या डाव्या पुढच्या टायरला लागली. टायर उभा फाटला आणि चाक दोन खडकांत बसलं. मी जागची हलेना.

"घाबरू नको वैनी, स्टेपनी हाय. आत्ता बदलतो," शिवराम म्हणाला. त्याने पाना लावला आणि डावीकडे जोर दिला. नट हलला नाही. पुन्हा जोर दिला.

"गंजलाय गड्या," नाथा म्हणाला. "पाइप लाव पान्याला."

पाइप लावला. दोघं मिळून त्याच्यावर लोंबकळले. अरे बाबांनो, उलटं! उजवीकडे फिरवा, उजवीकडे! माझा जीव कासावीस झाला. मला इंजिन होतं, दिवे होते, हॉर्नही होता. पण हॉर्न दाबायलासुद्धा माणूस लागतो.

तो करकरण्याचा आवाज मागे भीमरावांच्या कानावर गेला. आयुष्यभर फिटरकी केलेला माणूस तो! नट सुटतोय की आणखी आवळला जातोय, हे त्यांना आवाजावरून कळलं. त्यांचे डोळे मोठे झाले. जीभ वळत नव्हती, तरी सगळं बळ एकवटून ते बोलले, "उल...टी..."

"उलटी होतेय? भाऊजी, ह्यांना उलटी होतेय!" चांगुणाबाईंनी घाईघाईने त्यांना कुशीवर केलं आणि तोंडाखाली पदर धरला.

भीमरावांनी नाही अशी मान हलवली. डावा हात वर करून हवेत फिरवला. "चु...डी... उलटी... चुडी..."

चांगुणाबाईंची नजर आपल्या हातांवर गेली. हातभर हिरवा चुडा होता. त्यांना वाटलं, नवरा निरवानिरव करतोय, आता हा चुडा उतरणार असं सांगतोय. त्यांनी हंबरडा फोडला. "नका हो! नका असं अभद्र बोलू! माझ्या चुड्याला काही होत नाही!" असं म्हणत त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट ठेवला.

भीमराव पुन्हा बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही.

बाहेर कट् असा आवाज झाला. चाकाचा बोल्ट तुटला. मग दुसरा तुटला. शिवराम कपाळ धरून मटकन खाली बसला. खाणीला सुट्टी होती, एकही वाहन नव्हतं; शेवटी नाथाने खाणीवरच्या मजुरांच्या झोपडीतून बाज आणली आणि भीमरावांना बाजेवरून खाली नेलं. ज्या माणसाने बाज बंद व्हावी म्हणून मला जन्म दिला, तो माझ्या डोळ्यांदेखत बाजेवरून गेला, आणि मी खडकात तिरपी होऊन बघत राहिले.

चामटोलीहून टेम्पो मिळाला. जीव वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं, तर कदाचित..." कदाचितच बरं का. आधी पोचूनही काही झालं नसतं, असंही असेल. पण त्या एका कदाचितने आमचं घर आतून पोखरलं.

मला न्यायला उल्हासनगरहून मेकॅनिक आला. चाकाकडे बघून त्याने डोक्याला हात लावला. "येडे हो क्या तुम लोग? इसमें तो उलटी चुडी है!"

शिवरामने घरी येऊन ते वहिनीला सांगितलं. त्या संध्याकाळी चांगुणाबाई एकट्याच शेडमध्ये आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या.

"ते मला वाट दाखवत होते गं," त्या मला म्हणाल्या. "आणि मी त्यांचं तोंड दाबलं."

किती रडल्या म्हणून सांगू! बाई, तुझी काय चूक, असं मला म्हणायचं होतं. तुला कोणी हा शब्द कधी सांगितला होता का?

त्यानंतर मला कोणी बाहेर काढलं नाही. शिवराम तर शेडकडे बघतसुद्धा नसे. माझ्या सीटखाली उंदरांनी संसार थाटले, बॉनेटवर बनूबाईंची कोंबडी अंडी घालून गेली. भंगारवाले दारात यायचे आणि चांगुणाबाई त्यांना हाकलून द्यायच्या. वाडीतली माणसं पुन्हा बाजेवरून खाली येऊ लागली, तेही कानावर यायचं. दुखायचं हो. लोखंडालाही दुखतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भीमराव भिंतीला धरधरून शेडमध्ये आले, मागे चांगुणाबाई. त्यांनी डाव्या हाताने माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर थापटलं.

"बसायचंय तुम्हाला?" चांगुणाबाईंनी विचारलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली आणि बायकोलाच हळूच आत ढकललं. माझी किल्ली तिच्या हातात दिली. तिची बोटं एकेक करून माझ्या स्टिअरिंगवर ठेवली. मग गिअरवर. मग ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

शिवरामला बोलावणं गेलं. इतक्या वर्षांनी तो शेडमध्ये आला, ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन. बॅटरी जोडली, चांगुणाबाईंनी किल्ली फिरवली. मी माझ्याकडून सगळं केलं, मित्रांनो, तुमची शपथ. पण इंजिन जाम झालं होतं. साधी घरघरसुद्धा निघाली नाही.

"राहू द्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता राहू द्या." पण स्टिअरिंगवरचा हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.

मला तेलपाणी घाला, माझा गंज काढा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं व्हायचं ते होऊन गेलं. तुमच्या घरात कोणी एखादी गाडी, एखादा पंप, एखादं शिलाई मशीन जीव लावून सांभाळत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. 'हात लावू नको' म्हणाला तरी उठू नका. विचारा, भंडावून सोडा. आणि उद्या तुमच्या हातात कला आली, की ती एकट्यापुरती ठेवू नका. जे जीवापाड जपता, त्यावर दुसऱ्याचा हात पडू द्या. ओरखडे उठतील, उठू देत.

जरा हळू बोला आता, भीमराव येताहेत. रोज या वेळी ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसतात. चांगुणाबाई पाना घेऊन समोर बसतात आणि एकेका भागावर बोट ठेवून विचारतात, "हे काय? आणि हे?" त्यांचे ओठ हलतात. त्यांना सगळं सांगायचं असतं.