घुसळलेलं रक्त

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रीफ्यूज आहे. रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन गरगर फिरायचं आणि रक्तातलं पिवळं पाणी वेगळं करून द्यायचं, हा माझा धंदा. जन्म अंबाल्याच्या कारखान्यात, नांदणं बीदरच्या या प्रयोगशाळेत. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग नवं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो. झाकणाची कडी तुटली, तिथं सुतळी आली. पण नवं यंत्र रुसलं, की सगळ्यांना माझीच आठवण होते!

अशाच एका सकाळी जगदेवप्पा कमलनगरच्या दवाखान्यातून जीपनं रक्ताची नळी घेऊन आले. त्यांच्या बायकोला, शरणम्माला, लकवा झाला होता. मेंदूकडं जाणारी रक्ताची वाट गुठळीनं अडली. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मेंदूच्या पेशी दुखावल्या की एक द्रव्य रक्तात उतरतं. ते जितकं जास्त, तितका माणूस कमी सावरेल, असा अंदाज बांधतात.

“आकडा वाईट निघाला तर पोरं तिला घरी न्यायचं म्हणायलेत, अक्का,” ते सुधारानीला म्हणाले. सुधारानी इथली टेक्निशियन.

मी फिरलो, थांबलो. पाणी निघालं लालसर! माझंच काही चुकलं की काय, म्हणून मी ओशाळलो. सुधारानीनं नळी उजेडात धरली.

“अप्पा, नळी कशी आणलाव?”

“जोरजोरात हलवत की! नर्सबाई म्हणल्या, हलवा, रक्त गोठू देऊ नका. वाटंत हात थांबू दिला न्हाई मी.”

“आठ-दहा डाव हलकं उलटंपालटं करायचं असतंय. तुम्ही ताकावानी घुसळलाव. तांबड्या पेशी फुटल्यात. त्यांच्यातबी तेच द्रव्य असतंय, आकडा उगंच मोठा येईल.”

जगदेवप्पांनी त्या लालसर नळीकडं बघितलं. “म्हंजी मीच तिला मारायला निघालतो की!”

मला फार वाईट वाटलं. मायेपोटी झालेली चूक, पण शेवटी चूकच.

सुधारानीनं फोन करून नवं रक्त मागवलं. दुपारच्या बसनं नळी आली. मित्रांनो, इतक्या धास्तीनं मी कधीच फिरलो नव्हतो. पाणी स्वच्छ पिवळं निघालं. आकडा चांगला नव्हता, पण आशा सोडावी असाही नव्हता.

“ह्यो अंदाज हाय अप्पा, निकाल न्हाई,” सुधारानी म्हणाली. पोरांनी घरी न्यायचा विचार सोडला. आळीपाळीनं आईकडून हाताचा व्यायाम करून घेऊ लागली.

तीन महिन्यांनी शरणम्मा साखर तपासायला आल्या. पाय ओढत, पण स्वतःच्या पायांनी. सुधारानीला बघून अडखळत म्हणाल्या, “ऊ… ऊट आयता?” जेवलीस का, एवढंच कानडीत विचारलं. सुधारानीनं डोळे पुसत त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

आता मला भंगारात काढायचं चाललंय. खुशाल काढा. पण मित्रांनो, कागदावरच्या आकड्याला भिऊन आपल्या माणसाचा हात सोडू नका. त्याचं बोलणं अजून व्हायचं असतं.