पदराखालचं दुखणं

मी आक्काबाईच्या लुगड्याचा पदर बोलतोय. शहागंजातल्या दुकानात तिनं मला दोन बोटांत चुरून पाहिलं आणि पसंत केलं. तेव्हा तिची बोटं सरळ होती. ती शेळ्यांच्या धारा काढायची, मेंढरांची लोकर कातरायची.

माझं काम तिचं डोकं झाकणं. कानामागं, केसांच्या कडेला तिला पांढुरके खवले धरत. ते माझ्यावर गळत, आणि ती इकडंतिकडं बघत मला हळूच झटकायची. लोक खवडा म्हणतील, लेकीला, शीलाला, स्थळ येणार नाही, ही तिची धास्ती. मी इमानानं सगळं झाकलं. मला मेल्याला त्याचा अभिमानही वाटायचा.

मग तिचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं. नवरा अजिनाथ मेंढरांमागं लांब गेलेला, म्हणून सासरे मल्हारराव तिला दवाखान्यात न्यायचे. सासऱ्यापुढं मी थेट कपाळापर्यंत. डॉक्टरांनी रक्त तपासलं. आमवात निघाला नाही, युरिक अ‍ॅसिड जरा जास्त निघालं, झालं, गाऊट ठरला. गोळ्या सुरू, डाळ बंद, मटण बंद. तीन वर्षं बिचारीनं चटणीभाकरीवर काढली आणि बोटं वाकतच गेली. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडले, ते तिनं मेंदीखाली लपवले.

शेवटी क्रांती चौकाजवळच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिची नखं उजेडात धरली, मल्हाररावांना बाहेर बसवलं आणि मला मागं सारलं.

"हे कधीपासून?"

"लई वर्सं झाली. पर त्याचा अन् हाताचा काय संबंध, बाई?"

संबंध होता. खवले, नखं, सांधे, सगळा एकच आजार, सोरायसिसचा संधिवात. गाऊटच्या गोळ्या त्याला काय करणार? आता सूज उतरेल, पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, असं बाईंनी सांगितलं.

"तवाच डोकं दावलं असतं तर?"

बाई खाली बघून औषध लिहीत राहिल्या.

बाहेर मल्हारराव दिसताच तिनं सवयीनं हात उचलला. पण तिच्या बोटांना मला धरवेना, मी खांद्यावर घसरलो. म्हाताऱ्यानं मान फिरवली.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले.

आता मी विरलोय, भोकं पडलीत. शीलाचं लग्न झालं. परवा माहेरी आली होती. बोलता बोलता तिनं आपल्या पदराखाली हात घालून कानामागं खाजवलं. मी पाहिलं, पण सांगणार कुणाला? तुम्ही तरी तिला सांगा. तिचा पदर माझ्याइतका इमानी निघू नये.