भिंतीला टेकवलेला हात

चर्चच्या दगडी भिंतीला तळहात टेकवून बाबा थांबले.

"हा बघ, पाहुणा दगड," ते म्हणाले. "याची तासणी वेगळी आहे. नंतर कधीतरी बसवलाय."

लेकीने मान डोलावली. पण तिचं लक्ष दगडाकडे नव्हतंच. बाबांच्या मानेवरची एक शीर भराभर उडत होती, तिच्याकडे होतं.

बाबांनी जन्मभर वास्तुकला शिकवली. निवृत्तीनंतर त्यांच्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली, आणि तीही बँकेत नोकरी करणारी. दर रविवारी दोघं निघायची. आधी जुनी चर्चं, शेवटी नदीकाठचं नवं वाचनालय. हल्ली मात्र वाटेतलं थांबणं फार वाढलं होतं. आज तर या चर्चमध्येही बाबांना पाहण्यासारखं काही सापडलं होतं.

"याला तर तुम्ही केकवाल्याचं बांधकाम म्हणायचात," ती म्हणाली.

"मग? मत बदलायला बंदी आहे का?"

ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

विचारावं का? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. आईने एकदा विचारला, तर बाबा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. तेव्हापासून घरात तो विषयच बंद. आणि खरं सांगायचं तर लेकीला त्यांच्या रागाची भीती नव्हती, उत्तराची होती.

"आणि ही कमान हो, बाबा?" तिने भलतंच विचारलं.

बाबा कमानीवर बोलत राहिले, अगदी श्वास जागेवर येईपर्यंत.

वाचनालयापाशी मात्र पंचाईत झाली. वरपासून खालपर्यंत नुसती काच, आणि काचेला हात लावू नये अशी पाटी. बाबांचा हात सवयीने वर गेला आणि हवेतच राहिला.

"टेकायला जागा ठेवली नाही लेकाच्यांनी," ते पुटपुटले.

ती पुढे सरकली. तिचा खांदा त्यांच्या हाताखाली आला.

"हे बांधकाम कोणाचं गं?"

"तुमचंच."

"जरा ओबडधोबड आहे," बाबा म्हणाले. "पण भार पेलतंय."

हात इतका जड असतो हे तिला ठाऊक नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिने तो खांदा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा चहा टेबलावर तसाच निवला. आई त्यांना उठवायला आत गेली.

कितीतरी रविवार ती घराबाहेर पडली नाही. मग एकदा एकटीच निघाली आणि केकवाल्याच्या चर्चपाशी येऊन थांबली. तिला तो पाहुणा दगड पाहायचा होता. बाबांच्या उंचीचा अंदाज घेत तिने भिंतीवरून हात फिरवला. मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे, पार कोपऱ्यापर्यंत. सगळे दगड सारखे होते. सगळ्यांची तासणी एकाच हातची होती.

भिंतीसमोर झाडाखाली एक बाक होता. इतक्या रविवारांत दोघं त्यावर एकदाही बसली नव्हती.

ती जाऊन बाकाच्या एका टोकाला बसली. शेजारी पुरेशी जागा राहिली होती, तरी आणखी थोडी सरकली. भिंतीकडे पाहत, कोणालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"बाबा, दमलात ना? बसा जरा."